सगळीकडे पाच

लॉकडाउन उठला, कॉलेज उघडलं, फळ्यावर खडू चालायला लागला, कँटीनचा वडासुद्धा परत आला. परत गेलं नाही ते फक्त ऑनलाइन प्रशिक्षण. ते पाहुणा म्हणून आलं आणि घरजावई होऊन बसलं.

मी पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. विभागप्रमुख होते, असंही म्हणता येईल. विभागात माणसं दोनच, मी आणि तासिका तत्त्वावरचे एक सर, त्यामुळे प्रमुख कोणी व्हायचं यावर फारसा वाद झाला नाही. तासिका तत्त्व म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचाच मोबदला, सुट्टीत काही नाही, उन्हाळ्यात निरोप आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज. आमचे हे सर वर्षानुवर्षं दर जूनला नव्याने लागत होते, आणि दर जूनला प्राचार्य त्यांना "वेलकम टू द फॅमिली" म्हणत होते.

ते भंडारा जिल्ह्यातले, म्हणून सगळं कॉलेज त्यांना भंडाऱ्याचे सर म्हणे. पुण्यात माणूस नारायण पेठेतून सदाशिव पेठेत राहायला गेला तरी काही दिवस बाहेरचा असतो, तिथे भंडारा म्हणजे परदेशच. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात शिकणं आणि शिकवणं याच्या पलीकडे कुणी काही बघितलं नव्हतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, मोठी बहीण हायस्कुलात. माझेच जुने विद्यार्थी खराडीच्या आयटी कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर बसले होते आणि दर वर्षी विचारायचे, "मॅडम, सरांना आमच्याकडे पाठवा ना, डेटावाली माणसं मिळत नाहीत." मी निरोप पोचवायची. सर मान हलवायचे. "मला पोरं लागतात समोर, मॅडम. कॉम्प्युटर समोर असला तर मी बोलू कोणाशी?"

त्या वर्षी आमच्या विभागातली कायमची जागा भरायची परवानगी आली. किती वर्षं अडलेली ती जागा! जाहिरात निघाली. तळाला एक ओळ होती, ऑनलाइन अध्यापनाचं प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य. आपल्याकडे प्राधान्य म्हणजे अट, हे लहान मुलालाही कळतं. सरांचं वय कायमच्या नेमणुकीच्या मर्यादेला टेकलं होतं. ही जागा गेली की पुढची निघेपर्यंत ते बाद. तेव्हा हा कोर्स करायचा, प्रमाणपत्र घ्यायचं आणि मुलाखतीला उभं राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

कोर्स आम्हा सगळ्यांनाच करायचा होता. मूल्यांकन समिती येणार होती आणि प्राचार्यांना 'शंभर टक्के प्रशिक्षित अध्यापक' असा फलक दारात लावायचा होता. पूर्वी असल्या कोर्साला जायचं म्हणजे रजा मिळायची, परगावी राहायचं, जेवण बरं असायचं आणि येताना साडी घेता यायची. मी रजेचा अर्ज केला तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ऑनलाइन आहे ना? मग रजा कशाला? तास घेता घेता ऐका." मी म्हटलं, "सर, आपण एकदा तास घेता घेता तास ऐकून दाखवा, मग मी रजा मागणार नाही." प्राचार्य हसले. अर्ज नामंजूर.

मग आम्ही सगळे प्रशिक्षित व्हायला लागलो. स्टाफरूममध्ये एकाच टेबलाभोवती आठ-दहा जण, प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाच्या फोनमधून तोच आवाज अर्धा-अर्धा सेकंद मागे-पुढे. "आवाज येतोय का? माझी स्क्रीन दिसतेय का?" हे वाक्य आठ जागांहून ऐकलं की वेड लागायची पाळी यायची. मग सगळ्यांनी आवाज बंद केले. कॅमेरे पहिल्याच दिवशी बंद झाले होते. आपल्या वर्गात मुलांच्या हजेरीवरून ओरडणारी ही सगळी माणसं! वाणिज्यचे एक सर मार्केट यार्डात कांद्याचं पोतं घेत असताना 'उपस्थित' होते. मराठीच्या बाई घरी पुरण वाटत 'उपस्थित' होत्या. भूगोलाच्या जोडप्याने तर कमालच केली. दोघं खडकवासल्याला गेले, भजी खाल्ली आणि वर कधी नव्हे तो चुकून माइक चालू राहिला. तज्ज्ञ 'अध्ययन-निष्पत्ती' समजावत होते आणि मधेच खणखणीत आवाज, "कणीस भाजून देऊ का, ताई, तिखट लावून?" तज्ज्ञ म्हणाले, "व्हेरी गुड क्वेश्चन, शेवटी घेऊ."

हजेरीची पद्धतही अजब होती. सत्राच्या मधे कधीतरी हजेरीची लिंक टाकायची आणि पाच मिनिटांत ती बंद करायची. म्हणजे लोक ऐकत बसतील, असा आयोजकांचा होरा. अरे, तुम्ही कोणाशी खेळताय? आम्ही परीक्षेला पर्यवेक्षण करत म्हातारे झालो! ताबडतोब व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला, त्याचं नावच 'फक्त लिंक'. चार कॉलेजांची मंडळी त्यात आली. पाळ्या ठरल्या. रोज एकाने ऐकायचं, लिंक आली की ग्रुपवर टाकायची, बाकीच्यांनी भरून मोकळं व्हायचं. दोन दिवसांत पाळ्यांवरून भांडणं झाली, कारण पाळी असलेली माणसंही ऐकत नव्हती. तेव्हा भंडाऱ्याचे सर म्हणाले, "राहू द्या, मी रोज ऐकतो. मला तसंही ऐकायचंच आहे." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवसापासून एका माणसाच्या कानांवर चार कॉलेजांची हजेरी लागत गेली.

मीही त्यातच होते, उगाच सोवळेपणा करत नाही. माझा फोन पर्समध्ये, पर्स टेबलावर, आणि मी वर्गात. घरी मुलगी हिंजवडीच्या कंपनीचं काम घरूनच करायची. तिच्याही कंपनीचे कोर्स असत. ती दुप्पट वेगाने व्हिडिओ लावून मटार सोलायची. म्हणाली, "आई, तुमचं तरी लाइव्ह आहे, जरा ऐक की." मी म्हटलं, "तू मटार सोल."

पण भंडाऱ्याचे सर खरंच ऐकत होते, याचा पत्ता मला फोनवरून लागला नाही, वर्गावरून लागला. एक दिवस व्हरांड्यातून जाताना त्यांच्या वर्गातून हा गोंधळ! मला आधी रागच आला. म्हटलं, झालं, हाही गेला हातचा. आत डोकावले तर फळ्यावर काही नाही, सर खिडकीशी उभे, आणि मुलं एकमेकांशी तावातावाने भांडतायत. विषय काय, तर स्वारगेटहून कॉलेजपर्यंत बसला किती वेळ लागतो. प्रत्येकाने आधी आपला अंदाज चिठ्ठीवर लिहिला होता. मग ज्यांचे रोजचे अनुभव होते त्यांनी आकडे सांगितले. सरासरी काढली तर ती अगदी सभ्य आली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि चिडून म्हणाली, "सर, सरासरी वीस मिनिटं असेल हो, पण मी पाऊण तास आधी निघते तरी रोज उशीर का होतो?" सर म्हणाले, "हा प्रश्न फळ्यावर लिही." आणि मग त्यांनी व्हेरिअन्स शिकवायला घेतला. सरासरीच्या आजूबाजूला आकडे किती विखुरलेत त्याचं माप. मी तीस वर्षं पहिल्यांदा सूत्र लिहून आणि मग गाळण उडालेल्या चेहऱ्यांकडे बघत जे शिकवत आले, ते इथे मुलं मागून घेत होती. मला फार आनंद झाला. हेवाही वाटला, दोन्ही एकदम.

नंतर विचारलं, "हे कुठून काढलंत?" तर म्हणाले, "त्या कोर्समध्ये, मॅडम. एका तालुक्याच्या गावच्या बाई होत्या, वयस्कर. त्यांचं नेट सारखं जात होतं. त्यांनी सांगितलं, आधी मुलांना अंदाज करायला लावा, अंदाज चुकला की मुलं उत्तर शोधायला लागतात. मी करून बघितलं." मी म्हटलं, "कधी झालं हे सत्र?" त्यांनी वार सांगितला. त्या सत्राला मी उपस्थित होते, कागदोपत्री.

कोर्स संपला. शेवटी समाधानाची प्रश्नावली भरायची होती. ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. वर लिहिलं होतं, आपले नाव गुप्त राखले जाईल, आणि पहिलाच प्रश्न होता, आपले संपूर्ण नाव. पुढे विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच. एक म्हणजे पूर्ण असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत. कोर्स उपयुक्त होता, तज्ज्ञ उत्तम होते, माझ्या अध्यापनात बदल झाला, वगैरे. आम्ही स्टाफरूममध्ये चहा पिता पिता भरून टाकलं. अंगठा खाली खाली नेत पाच, पाच, पाच. मराठीच्या बाई म्हणाल्या, "देऊन टाका हो बिचाऱ्यांना, आपल्या खिशातलं काय जातंय?" भंडाऱ्याचे सर मात्र कोपऱ्यात चष्मा लावून बसले होते आणि एकेक ओळ वाचून भरत होते. वाणिज्यचे सर म्हणाले, "अहो, पेपर तपासताय का?" सगळे हसलो.

आठवड्याने प्रशिक्षण केंद्राच्या संचालकांचा मला फोन आला. गोड बोलणारा माणूस, प्रत्येक वाक्यात दोन वेळा 'स्टेकहोल्डर'. म्हणाले, "मॅडम, आपण स्टॅटिस्टिक्सच्या, आपल्यासारखं माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं? समाधानाचा अहवाल तेवढा करून द्या. वर पाठवायचा आहे. तो गेला की त्यातल्या यादीप्रमाणे प्रमाणपत्रं निघतील." फुकटची हमाली, पण सरांच्या मुलाखतीची तारीख जवळ आली होती. अहवाल लवकर झाला तर प्रमाणपत्र लवकर निघेल, म्हणून मी हो म्हटलं.

आकडे उघडले आणि बघतच राहिले. वरपासून खालपर्यंत पाच. नाव बदलतंय, कॉलेज बदलतंय, पाच काही बदलत नाही. सगळा रकाना पाचाचा पाढा विसरून एकाच पायरीवर अडलेला. ठीक आहे, म्हटलं, अपेक्षितच होतं. पण मधेच एका विधानापाशी थबकले. 'हा कोर्स म्हणजे माझ्या वेळेचा अपव्यय होता.' त्यापुढेही सगळ्यांचे पाच! पूर्ण सहमत! चार कॉलेजांचे प्राध्यापक, त्यांत मानसशास्त्राचे दोन, ज्यांनी आयुष्यभर अशाच प्रश्नावल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या. असं एखादं उलटं विधान मुद्दाम घालतात, माणूस वाचून भरतोय की नुसता अंगठा फिरवतोय ते कळावं म्हणून, हे आम्ही सगळे शिकवतो. माझं नाव शोधलं. पाच. मी इतकी हसले की मुलगी मटार टाकून बघायला आली.

आता निष्कर्ष काय काढायचा? कोर्स अतिशय उपयुक्त होता यावर एकमत, आणि तो वेळेचा अपव्यय होता यावरही एकमत. पुण्यात एका गोष्टीवर एकमत होणं कठीण, इथे तर दोन-दोन विरुद्ध गोष्टींवर झालं होतं.

एक ओळ फक्त वेगळी होती. भंडाऱ्याच्या सरांची. त्यांनी कुठे चार दिले होते, कुठे तीन, एका ठिकाणी दोन. अपव्ययाच्या विधानापुढे एक, पूर्ण असहमत. आणि शेवटी सूचनांच्या चौकटीत, जिथे बाकी सगळ्यांनी 'एक्सलंट' किंवा नुसतं टिंब टाकलं होतं, तिथे त्यांनी सविस्तर लिहिलं होतं. कोणत्या बाईंच्या सत्रामुळे आपल्या वर्गात काय बदललं, कोणतं सत्र नुसतं वाचून दाखवलं गेलं, प्रश्नांना वेळ ठेवला तर काय होईल. सगळ्या बॅचमध्ये खरोखर समाधानी झालेला माणूस हा एकच, आणि त्याचीच सरासरी सगळ्यांत कमी.

संचालकांना मी फोनवर सांगितलं की एक प्रतिसाद वेगळा आहे. त्यांनी लगेच व्हिडिओ मीटिंग लावली. त्यांच्या पाठीमागे पुस्तकांची भिंत होती, खोटी, कारण ते हलले की पुस्तकं त्यांच्या कानात शिरायची. म्हणाले, "तो आऊटलायर आहे, मॅडम. काढून टाका. हंड्रेड पर्सेंट सॅटिस्फॅक्शन दाखवायचंय वर, पुढच्या वर्षीचं अनुदान त्यावर आहे."

"काढला तर त्यांचं नाव यादीत राहणार नाही."

"राहणार नाही."

"मग प्रमाणपत्र?"

"पुढच्या बॅचला बसवू की त्यांना! प्रायॉरिटीने."

"त्यांची मुलाखत या आठवड्यात आहे, सर. पुढच्या बॅचपर्यंत त्यांचं वय थांबायचं नाही."

"मग त्यांना परत भरायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. सगळीकडे पाच."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने तुमची सगळी सत्रं ऐकली, एकट्याने, त्याला काढायचं? मी म्हटलं, "अवश्य. मात्र मग अहवालात मी प्रत्येक विधानाचं कोष्टक देणार. तेराव्या विधानाचंही."

"तेरावं कोणतं?"

मी वाचून दाखवलं. त्यापुढचं एकमतही सांगितलं. बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले पण आवाज आला नाही. मी म्हटलं, "सर, आपण म्यूटवर आहात." ते म्यूटवर नव्हते. मग म्हणाले, "हा प्रश्न घातला कोणी?"

"आपल्याच केंद्राने. कुठल्याशा परदेशी प्रश्नावलीवरून उतरवलाय, वाचायचा राहिला असेल."

तडजोड झाली. तेरावं विधान अहवालातून गेलं, भंडाऱ्याचे सर यादीत राहिले. शंभर टक्के समाधान दाखवता आलं नाही, पण 'जवळपास सर्व' असा शब्द मी शोधून दिला आणि तो त्यांना फार आवडला. सरांना यातलं मी काही सांगितलं नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांचं प्रमाणपत्र आलं. ते दाखवायला आले तेव्हा चेहरा असा खुलला होता की मलाच भरून आलं. म्हणाले, "आई म्हणून राहिली, एकदा कायम झालास की पुण्याला येऊन तुझा वर्ग बघते." घाईत किंवा आनंदात असले की त्यांची भाषा घरची व्हायची.

मुलाखतीच्या मंडळावर विभागप्रमुख म्हणून मी होते, प्राचार्य होते, संस्थेचे पदाधिकारी होते, आणि बाहेरचे एक विषयतज्ज्ञ. हे तज्ज्ञ मी पूर्वी पाहिलेले नव्हते. निदान मला तसं वाटलं.

सरांच्या आधी एक उमेदवार आला. कोट, टाय, फाइल प्लॅस्टिकची. तज्ज्ञांनी विचारलं, "ऑनलाइन अध्यापनाचा कोर्स केलाय म्हणता. कसा होता?" तो म्हणाला, "एक्सलंट, सर. माझी तर दृष्टीच बदलली." तज्ज्ञ प्रसन्न झाले. पुढे त्याला फार काही विचारलं नाही.

मग भंडाऱ्याचे सर आत आले. विषयावरचे प्रश्न झाले, सगळी उत्तरं चोख. प्राचार्यसुद्धा मान डोलवायला लागले. मी मनात म्हटलं, आता फक्त सांभाळ, बाबा. तज्ज्ञांनी तोच प्रश्न टाकला. सर त्या तालुक्याच्या बाईंबद्दल भरभरून बोलले, बसचा तास सांगितला, वर्गात काय झालं ते सांगितलं. तिथे थांबायचं ना! पण तज्ज्ञ म्हणाले, "आणि डेटा सायन्सवरचं सत्र? त्याबद्दल काय मत?"

सर अगदी आदराने म्हणाले, "मजकूर चांगला होता, सर. पण तो पूर्ण वेळ स्लाइडवरून वाचला गेला. प्रश्नांना वेळ राहिला नाही. मध्ये दोनदा थांबून विचारलं असतं तर आम्हाला जास्त मिळालं असतं."

"ते सत्र मी घेतलं होतं," तज्ज्ञ म्हणाले.

"हो, सर. माहीत आहे."

मला वाटलं उठावं आणि या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा. आणि त्याच वेळी वाटलं, टाळी वाजवावी. दोन्ही केलं नाही, पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे केला. मी त्या सत्राला असते तर तज्ज्ञांना ओळखलं असतं, सरांना आधी सावध केलं असतं. पण माझा फोन पर्समध्ये होता.

सर गेल्यावर तज्ज्ञांनी शेरा लिहिला, 'उमेदवार प्रशिक्षणाबाबत असमाधानी. नवे स्वीकारण्याची वृत्ती कमी.' मी भांडले. खोलीत अक्षरशः भांडले. म्हटलं, "त्या कोर्सातून काही शिकलेला हा एकमेव माणूस आहे, आणि तुम्ही त्याला असमाधानी म्हणता?" तज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या विभागाचे आहेत, तुमची भावना समजू शकतो." पदाधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. प्राचार्य म्हणाले, "कोटवाला मुलगा पॉझिटिव्ह वाटला." झालं! मी माझा विरोध लिहून दिला, तो फाइलला जोडला गेला, आणि फाइल कपाटात गेली. बाहेर येऊन मला रडू फुटलं, रागाचं. विभागप्रमुखाने व्हरांड्यात रडू नये म्हणून प्रयोगशाळेत जाऊन रडले.

कायमचा माणूस आला की तासिकावाल्याची गरज संपते. दोघांना पुरतील एवढे तास आमच्याकडे नव्हतेच. सरांनी कुरकुर केली नाही, निदान माझ्यासमोर नाही. एवढंच म्हणाले, "आईला सांगितलं. ती म्हणाली, तू खोटं बोलला असतास तर मला वर्ग बघायला आवडलं नसतं. पण रडत होती, मॅडम." खराडीच्या कंपनीने बोलावलं होतंच. या वेळी ते गेले. स्क्रीनसमोर.

जायच्या आधी वर्ग सोपवायला ते विभागात आले. नवे सर रुजू झाले होते. वाईट माणूस नव्हता तो, हे मला सांगायलाच हवं. नम्र होता, धांदलीत होता, गेली काही वर्षं दुसऱ्या कॉलेजात तासिकांवरच घासलेला. भंडाऱ्याच्या सरांनी त्याला खुर्ची ओढून दिली आणि तासाभरात सगळा वर्ग समजावून सांगितला. कोणता मुलगा हुशार आहे पण लाजतो, कोणती मुलगी चुकलं तरी हात वर करते, तिला गप्प बसवू नका. व्हेरिअन्सला मुलं घाबरतात, तेव्हा सूत्र नंतर द्या. आधी त्यांना चिठ्ठीवर अंदाज लिहायला लावा, भांडू द्या, चुकू द्या.

नवे सर मनापासून ऐकत होते, लिहूनही घेत होते. पेन थांबवून म्हणाले, "ही पद्धत फारच छान आहे हो, सर. मला कुणी अशी शिकवलीच नाही. कुठे शिकलात आपण?"

भंडाऱ्याच्या सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्या ऑनलाइन कोर्सात. आपण दोघं एकाच बॅचला होतो, सर."